निधनवार्तेतील एक दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकात माझ्या आजीची निधनवार्ता छापून आली. वय ९५, वृद्धापकाळाने निधन, पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार. शेवटी, ‘त्या गृहिणी होत्या.’ मजकूर आमच्याच घरून गेला होता, धाकट्या काकांनी लिहून दिलेला, तेव्हा चूक आमचीच. पण दुरुस्ती छापायची सोय असेल तर तेवढी एक ओळ बदलावी, म्हणून हे पत्र. आजी लालबागला खाणावळ चालवायची. १९५२ ते १९८८, म्हणजे ३६ वर्षं.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. लग्न झाल्यावर १९४८ साली आजी जयगडहून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली. आदल्याच वर्षी, १७ जुलै १९४७ला, रामदास बोट रेवसच्या वाटेवर बुडाली होती. त्या धास्तीनं तिच्या आईनं ओटीतल्या नारळाशिवाय आणखी एक नारळ वाटेत दर्याला द्यायला म्हणून हातात दिला होता. आजीनं तो दिलाच नाही. सुखरूप पोचल्यावर खोलीवर नेऊन त्याचं वाटण केलं. दर्याचा नारळ खाल्ला म्हणून शंभरी गाठणार, असं ती हसत हसत सांगायची. पाच वर्षं कमी पडली.

आजोबा कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते, पण बदली कामगार. भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर आल्या पावली घरी. अशा पगारावर घर चालेना, तेव्हा तिनं गावचे चार गडी जेवायला घेतले. मी पाहिली ती खाणावळ २६ जणांची होती. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून १० बाय १२ची खोली. स्वयंपाक आत, पंगत बाहेर गॅलरीत. आजी पहाटे ३ वाजता उठायची, कारण पहिल्या पाळीवाल्यांचे डबे साडेसहाच्या आत भरून व्हायला हवेत. दुसरी पाळी सुटून लोक जेवून उठेपर्यंत मध्यरात्र. मधल्या वेळात बाजार, दळण, निवडणं. ती निजायची कधी, हे आम्हाला कुणालाच सांगता येणार नाही.

तिला अक्षरओळख नव्हती. हिशेब कपाटाच्या दाराला आतून खडूनं मांडलेला असे. प्रत्येक गड्याचं एक चित्र: कुणाची छत्री, कुणाची मिशी, एकाचा नुसता कान, कारण त्याला कमी ऐकू यायचं. जेवला की रेघ, खाडा झाला की टिंब. महिनाअखेरीला टिंबं मोजून पैसे वजा व्हायचे. त्यावरून कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. कपाट मात्र आम्हा पोरांना उघडायची बंदी होती.

१९८१च्या जनगणनेला एक मास्तर आले होते. मी तेव्हा नऊ वर्षांची, दारातच उभी. आजी आत भाताची पेज गाळत होती. मास्तरांनी विचारलं, ‘आई काय काम करतात?’ काका म्हणाले, ‘काही नाही, घरीच असते.’ त्या ‘काही नाही’मागे काकांचा खोटेपणा नव्हता. त्यांच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलाची आई खाणावळवाली, हे सांगायला त्यांना जड जायचं. निधनवार्ता लिहितानाही बहुधा तेच झालं असावं.

वार्तेसोबत छापलेल्या फोटोची मात्र मला गंमत वाटते. लालबाग-परळच्या खाणावळवाल्या बायका वाण्याकडे भारी व्याजानं उधार घ्यायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ते कर्ज आजीनंही काढलं. त्या अर्जाला चिकटवायला म्हणून ती जन्मात पहिल्यांदा स्टुडिओत गेली. पदर डोक्यावर, नजर थेट समोर, जरा रागावल्यासारखी, कारण घरी भाकऱ्या खोळंबल्या होत्या. खाली ‘गृहिणी’ आणि वर धंद्याच्या कर्जाचा फोटो!

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संपाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मी फक्त ताटातलं सांगते. होळीपर्यंत बांगडा होता, मग सुकट आली, पावसाळ्यात नुसती कुळथाची पिठी नि भात. पैसे कुणाकडेच नव्हते, दारामागे रेघा चालूच होत्या. गड्यांना लाज वाटायची. अर्ध्या भातावर उठायचे, म्हणायचे, भूक नाय मावशी. त्यावर आजीचं ठरलेलं उत्तर, ‘प्वाट मी बघत्ये, तू ताटाकडं बघ.’ आणि पळीभर पिठी वर. तिच्या दोन्ही पाटल्या त्याच वर्षी गेल्या, आधी डावी, मग उजवी.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आमच्या खाणावळीतले बरेचसे गडी गणपतीला गावी गेले ते परत आले नाहीत. पुढे चार वर्षं मनीऑर्डरी येत राहिल्या. १५ रुपये, २० रुपये. पोस्टमन नाव वाचायचा, ते कोण हे आजीला आठवावं लागायचं नाही. कपाट उघडून ती त्या चित्राखालच्या तेवढ्या रेघा ओल्या फडक्यानं पुसायची. काही चित्रांखालच्या रेघा तशाच राहिल्या. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. गड्यांनी आपापली ताटं आणलेली असत, टिंबाटिंबांनी नाव नि गाव घातलेली. गावी जाताना ‘येतो, ठेव मावशी’ म्हणून ती मांडणीवरच राहिली. चाळ सोडून आम्ही डोंबिवलीला आलो तेव्हा आजीनं कपाट विकू दिलं, ताटं नाही. दर दिवाळीला चिंचेनं घासून पुन्हा लावायची. एकूण ११ आहेत, ७ पितळी, ४ स्टीलची. नावं इथं देत नाही, पण गावं वाचता येतात: माखजन, फुणगूस, कडवई, आरवली, साखरपा. दोन ताटांवरची अक्षरं घासून घासून गेली आहेत.

निधनवार्तेत तिचं पूर्ण नाव होतं. त्या नावानं तिला खाणावळीत कुणीच ओळखत नव्हतं. म्हणून त्या गड्यांसाठी किंवा त्यांच्या मुलांसाठी लिहिते: लालबागची, दुसऱ्या मजल्यावरची, जिन्याजवळच्या खोलीतली मावशी गेली. ताटं आमच्याकडे आहेत. आमचा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. ज्यांची असतील त्यांनी न्यावीत. बाकी काही देणं नाही, कपाट केव्हाच विकलं.

आपली,
एक नात, डोंबिवली