भोरड्या सायबेरियाच्या नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकातली ‘सायबेरियन पाहुण्यांचे आगमन’ ही सचित्र बातमी वाचली. छायाचित्र सुरेख आहे. मजकुराबद्दल मात्र लिहावेसे वाटले, कारण चित्रातल्या पाखरांशी आमच्या घराचे वैर तीन पिढ्यांचे आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी निसवली की माळ्यावर चढून गोफण फिरवायची आणि पाखरं राखायची, हे काम मी शाळा बुडवून केले आहे. आम्ही त्यांना भोरड्या म्हणतो. बातमीत ‘रोझी स्टर्लिंग’ छापले आहे. स्टर्लिंग हे विलायती चलन. पक्षी तो स्टारलिंग. सरळ भोरडी लिहिले असते तर ही चूक झालीच नसती.

परदेशातून आलेले कुठलेही पाखरू आपल्या वर्तमानपत्रांत सायबेरियातूनच येते. भोरड्यांची वीण मुख्यतः कझाकस्तान आणि मध्य आशियातल्या कोरड्या, गवताळ माळांवर होते. पश्चिमेला तुर्कस्तान, युक्रेनचा दक्षिण भाग, रोमेनिया. पूर्वेला चीनचा शिनच्यांग प्रांत. टोळ उदंड झाले त्या वर्षी त्या हंगेरीपर्यंतही जातात. दगडांच्या राशींत, कपारींत हजारोंची वसाहत होते आणि मे-जूनमध्ये सगळे उरकते. शिनच्यांगमध्ये टोळांच्या बंदोबस्तासाठी भोरड्यांना मुद्दाम दगडविटांची घरटी बांधून देतात. आम्ही गोफण मारतो, ते घर देतात. चूक कुणाचीच नाही. तिथे ती टोळ खाते, इथे कणीस.

‘कडाक्याच्या थंडीपासून बचावासाठी’ येतात, असेही आपण लिहिले आहे. मग पहिले थवे जुलै-ऑगस्टमध्येच कसे उतरतात? तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. पिल्ले उडती झाली, गवत वाळले, किडे सरले की मुक्काम हलतो. इथून जायला मात्र एप्रिल उजाडतो. आधी हुरडा, मग पळस, पांगारा आणि काटेसावरीच्या फुलांतला मध. वर्षातले आठ महिने आपल्याकडे जेवणाऱ्याला पाहुणा म्हणतात का, हे एखाद्या ज्वारीवाल्याला विचारावे.

‘मैनेचीच एक जात’ हे वाक्यही घाईचे आहे. कूळ साळुंकीचे, हे खरे. पण जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये तिला कस्तुर पक्ष्यांत बसवले होते, ‘टुर्डस रोझिअस’ म्हणून. १८१५ मध्ये टेमिंक या डच पक्षिशास्त्रज्ञाने तिच्यासाठी ‘पास्टर’ ही प्रजाती केली. विसाव्या शतकातल्या पुस्तकांत ती ‘स्टर्नस’ या दुसऱ्या प्रजातीत गेली आणि जनुकीय अभ्यासानंतर पुन्हा ‘पास्टर’मध्ये आली. आज त्या प्रजातीत ती एकटीच आहे. पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. मेंढरांच्या पायांत घुटमळत किडे टिपते म्हणून. आमच्याकडे धनगरांच्या कळपामागे मी तिला कितीदा पाहिले आहे, पण नावाचा अर्थ कळला तो पन्नाशीत. शास्त्र तिला गाणाऱ्या पक्ष्यांत मोजते. संध्याकाळी बाभळीवरचा तिचा गलका ऐकलेल्याला हे पटवणे कठीण.

आपला,
एक वाचक, मंगळवेढा

ता. क. : छायाचित्राच्या डाव्या कोपऱ्यातली मातकट पाखरे ‘सोबतच्या स्थानिक साळुंक्या’ नाहीत. तीही भोरडीच, यंदाची पिल्ले. गुलाबी रंग अंगावर यायचा आहे.