मुक्ता, इतकी वर्षं का जात होतो ते सांगतो

ब्लूमिंग्टन, इंडियाना
२५ जानेवारी २०२६

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

आपल्या इंडियाना विद्यापीठाच्या टीमने कॉलेज फुटबॉलची फायनल जिंकली, त्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "बाबा, नुसते हरत होते तेव्हा एवढी वर्षं कशाला जात होता तुम्ही?" तू ऑफिसला निघाली होतीस, माझा ओरडून ओरडून घसा बसला होता. बोलणं तिथंच राहिलं. आता सवडीने लिहितो. तुला फुटबॉलची गोडी नाही, तुझा सगळा जीव व्हायोलिनमध्ये, हे मला ठाऊक आहे. तरी तू विचारलंस याचा फार आनंद झाला, म्हणून लांबण लागली तरी पुरतं वाच.

मी १९९८ च्या ऑगस्टमध्ये इथे शिकायला आलो. कोल्हापूरचा माणूस, फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम एवढंच डोक्यात. इथला फुटबॉल हातात चेंडू घेऊन पळायचा, नियम डोक्यावरून जायचे. पण पहिल्याच मोसमात अँटवान रँडल एल नावाचा पोरगा बघितला आणि खिळलो. अंगाने फार मोठा नाही, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून टीमची चाल चालवणारा. पण चेंडू हातात आला की पुढे काय करील ते त्याच्या समोरच्यालाही कळायचं नाही आणि आपल्यालाही नाही. चार वर्षं तो खेळला. त्या चारही वर्षांत टीमने जिंकण्यापेक्षा हरण्याचंच काम जास्त केलं. पुढे पिट्सबर्गच्या व्यावसायिक टीमकडून सुपर बोल या सगळ्यांत मोठ्या फायनलमध्ये त्याने टचडाउनचा, म्हणजे गुण मिळवून देणारा, पास फेकला तेव्हा जगाने बघितला. ब्लूमिंग्टनमधल्या अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये तो आम्ही आधीच बघून घेतला होता.

रिकामं म्हणतोय ते खरंच. मेमोरियल स्टेडियम १९६० चं, पन्नास हजारांहून जास्त माणसं बसतील एवढं. पण इंडियाना हे बास्केटबॉलचं राज्य. फुटबॉलच्या दिवशी लोक पार्किंगच्या मैदानात शेगड्या पेटवून खाण्यापिण्यात रमायचे, पहिला हाफ बघायचे, आणि निम्मे मध्यंतरानंतर परत यायचेच नाहीत. अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेज टीम्सपैकी सगळ्यांत जास्त मॅच हरलेली टीम आपली होती. सातशेच्या वर पराभव. २०२५ चा मोसम सुरू झाला तेव्हाही हा विक्रम आपल्याच नावावर होता. आपली टीम ज्या गटात खेळते त्या बिग टेनचं विजेतेपद तोवर दोनदाच, १९४५ आणि १९६७. ओहायो स्टेटला शेवटचं हरवलं १९८८ साली. मोसमाच्या शेवटी जे बोल सामने होतात त्यातला शेवटचा जिंकलेला १९९१ चा.

१९४५ च्या टीमबद्दल तुला थोडं सांगायचंच आहे, कारण ते शाळेत कुणी सांगितलं नसणार. त्या टीममध्ये जॉर्ज टालियाफेरो नावाचा गॅरी शहरातला कृष्णवर्णीय मुलगा होता, पहिल्या वर्षाला. टीम एकही मॅच हरली नाही आणि त्यात त्याचा वाटा फार मोठा. पण शनिवारी ज्याच्यासाठी गावाने टाळ्या वाजवल्या त्याला सोमवारी गावातल्या खानावळीत बसायला जागा नव्हती. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायची सोय नव्हती. प्रिन्सेस थिएटरमध्ये कृष्णवर्णीयांनी कुठे बसायचं याची पाटी होती. ती पाटी त्याने एक दिवस स्क्रूड्रायव्हर घेऊन उतरवली. १९४९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत नाव लागलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. परवा जे लोक पहिल्यांदाच लाल टोपी घालून रस्त्यावर आले, त्यांच्यातल्या किती जणांना तो कोण हे माहीत आहे? याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुसरं नाव टेरी हेपनर. त्यांना सगळे हेप म्हणायचे. २००५ चा मोसम सुरू व्हायच्या आधी ते कोच होऊन आले आणि गावात फिरून जो भेटेल त्याला मॅचला बोलवायचे. सरावाच्या मैदानात एक मोठा चुनखडीचा दगड सापडला, आपल्या भागात खाणी आहेत त्याच जातीचा. तो त्यांनी उचलून स्टेडियमच्या उत्तरेकडच्या टोकाला नेऊन बसवला. पोरं मैदानात उतरताना त्याला हात लावून जातात, अजूनही. मोसमात बारा मॅच असतात. हेप म्हणायचे, आपल्याला तेरा खेळायच्या, म्हणजे बोल सामना गाठायचा. मेंदूत गाठ झाली. ऑपरेशन झाल्यावरही ते परत मैदानावर उभे राहिले. जून २००७ मध्ये गेले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धची, पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धची मॅच. तू तेव्हा सहा वर्षांची, माझ्या मांडीवर, आईने विणलेला स्कार्फ नाकापर्यंत गुंडाळलेला. तुला त्यातलं काही आठवत नसणार. आपण बरेच पुढे होतो, ते बरोबरीला आले, २४-२४. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं होतं आणि आपला ऑस्टिन स्टार ४९ यार्डांवरून फील्ड गोल मारायला, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून घालवायला आला. माझ्या शेजारी एक म्हातारे जोडपं बसायचं. त्यातल्या आजींनी डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट घट्ट धरलं, त्यांच्या हातमोज्याची लोकर मला अजून जाणवते. चेंडू खांबांमधून गेला हे त्यांना लोकांच्या आवाजावरून कळलं. २७-२४. तेरावी मॅच मिळाली. बोल सामना आपण हरलो, ते ठीक आहे. हेप नव्हते आणि पोरांनी त्यांचं बोलणं खरं करून दाखवलं, ते मी बघितलं.

हातातोंडाशी आलेला घास किती वेळा गेला ते सगळं सांगत बसत नाही. २०२० मध्ये आपला क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्सने पेन स्टेटविरुद्ध हवेत झेप घेऊन चेंडू कोपऱ्यातल्या खांबाला टेकवला आणि ३६-३५ ने जिंकून दिलं. ते कोविडचं वर्ष, आम्ही घरात टीव्हीसमोर. वाटलं, आता दिवस पालटले. पुढच्याच मोसमात दोन विजय, दहा पराभव. मग चार-आठ, मग तीन-नऊ. कोचला काढलं.

३० नोव्हेंबर २०२३ ला नवे कोच कर्ट सिग्नेटी आले. साठी ओलांडलेला माणूस, मोठ्या विद्यापीठात मुख्य कोच म्हणून पहिल्यांदाच. दुसऱ्याच दिवशी बास्केटबॉलच्या मॅचला माइक हातात घेऊन त्यांनी पर्ड्यू, मिशिगन, ओहायो स्टेट सगळ्यांना नावं घेऊन ललकारलं. माझ्यासारख्या जुन्या लोकांच्या पोटात गोळा आला. पण बोलले तसं केलं. आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातली तेरा पोरं सोबत आणली, त्यातल्या बऱ्याच जणांना मोठ्या कॉलेजांनी शाळेतून निघताना विचारलंही नव्हतं. पहिल्याच वर्षी अकरा विजय.

तुझ्या मित्राचं म्हणणं तू सांगितलंस, की आता सगळा पैशाचा खेळ आहे, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, पोरं विकत आणली. पैसा आहेच, आणि आपल्याकडेही चांगला आहे. पण आपल्याहून जास्त पैसा ज्यांच्याकडे होता ते का नाही जिंकले? पूर्वी खेळाडूला एका कॉलेजातून दुसरीकडे जायचं तर एक वर्ष बाहेर बसावं लागे आणि कमाई कोचची व्हायची, पोरांची नाही. आता पोरं जातात, कमावतात. मला ते न्याय्य वाटतं. आपला आताचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा मायामीत वाढला, त्याच्या घराजवळच्या मायामी विद्यापीठाने त्याला घेतलं नाही. येलला जायचं ठरत होतं, कॅलिफोर्नियाला गेला, तिथून इकडे आला. बघणाऱ्यांनी अठराव्या वर्षी त्याची किंमत ठरवून टाकली होती. वाट मोकळी झाली नसती तर ती किंमत तशीच राहिली असती.

या मोसमातली मला सगळ्यांत जवळची मॅच फायनल नाही. ८ नोव्हेंबरची, पेन स्टेटच्या मैदानावरची. सगळ्या मॅच जिंकत आलेली आपली टीम शेवटच्या दोन मिनिटांत मागे, ८० यार्ड जायचं, घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट शिल्लक नाही. अशा वेळी इंडियाना काय करते ते मी आयुष्यभर बघितलंय. आई देवघरात जाऊन बसली. मेंडोझा पहिल्याच चेंडूला आडवा झाला. उठला, एक पास, मग आणखी एक. शेवटी सात यार्डांवरून अंगावर माणूस येत असताना त्याने चेंडू एंड झोनच्या, म्हणजे जिथे चेंडू पोचला की टचडाउन होतो त्या शेवटच्या पट्ट्याच्या, अगदी मागच्या कडेला उंच फेकला. ओमर कूपरने उडी मारून तो घेतला तेव्हा त्याचं सगळं शरीर रेषेच्या बाहेर झुकलेलं होतं. आत राहिला तो फक्त एका पायाचा चवडा. पंच हात वर करीपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि दर वेळी मी तो चवडाच बघत होतो. २७-२४, शिल्लक ३६ सेकंद.

त्यानंतर सगळं भराभर झालं. बिग टेनच्या फायनलमध्ये ओहायो स्टेटला १३-१०. मेंडोझाला कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी, इंडियानाच्या इतिहासातली पहिली. बाद फेरीत 'रोज बोल' नावाच्या सामन्यात अलाबामाला ३८-३, ओरेगनला ५६-२२. आणि १९ तारखेला फायनल, तीही मायामीशी, त्यांच्याच रोजच्या मैदानावर. चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, बारा यार्डांवरून मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन घुसला, दोन-तीन माणसं अंगावर घेत फिरला आणि लांब होऊन पडला तो एंड झोनमध्ये. शेवटी मायामीचाच पोरगा जमारी शार्प, आपल्याकडून खेळणारा, त्याने त्यांचा पास मध्येच पकडला. २७-२१. सोळा मॅच, सोळा विजय; एवढं यापूर्वी येलने केलं होतं, १८९४ साली.

कोल्हापुरात तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. आजोबांना फोन लावला. त्यांना यातला एक नियम कळत नाही, पण इंडियाना माझी टीम आहे एवढं कळतं. "मारली काय रं फायनल?" म्हणाले. मारली म्हटल्यावर दोघांनाही काही बोलता येईना.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशीच आहे. आजोबा पेठेच्या टीमची मॅच बघायला पाऊस असो, ऊन असो, जायचे. मी लहान असताना ती टीम वर्षानुवर्षं काही जिंकत नव्हती. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस अशा नावाजलेल्या संघांचं वेड अख्ख्या शहराला. पण त्यांनी कधी पेठ बदलली नाही. संध्याकाळी हरलेली पोरं दारावरून जायची तेव्हा त्यांना हाक मारून चहा पाजायचे आणि कोण कसं खेळलं ते एकेकाला सांगायचे. मी इथे आलो तेव्हा या गावात माझं कुणी नव्हतं. शनिवारी स्टेडियममध्ये गेलो की शेजारी तीच माणसं, तीच जागा. माझं मनगट धरणाऱ्या त्या आजींनी आई बाळंतीण असताना डबे आणून दिले. त्यांचे यजमान गेल्यावर त्या एकट्या मॅचला यायच्या, चार वर्षांपूर्वी त्याही गेल्या. मैदानात एकोणीस-वीस वर्षांची पोरं चाळीस गुणांनी मागे असतानाही शेवटच्या मिनिटापर्यंत धडका घेत होती. त्यांना बघायला कुणीतरी असायला हवं होतं, म्हणून मी जात होतो. आम्ही जिंकायची वाट बघत बसलो नव्हतो. ती वर्षं पुरी होती.

म्हणून फायनलच्या रात्री किर्कवूड ॲव्हेन्यूवर हजारो पोरं नाचत असताना मी थोडा वेळ त्यांच्यात उभा राहिलो आणि मग गाडी काढून स्टेडियमकडे गेलो. टालियाफेरोच्या पुतळ्यापाशी माझ्याआधीच काही लोक आलेले होते, सगळे माझ्या वयाचे किंवा मोठे. कुणीतरी पायाशी लाल मफलर ठेवला होता. तिथे रँडल एलचं नाव निघालं, ऑस्टिन स्टारचं निघालं, १९६७ च्या टीमचं निघालं. एक गृहस्थ त्या वर्षी विद्यार्थी होते, तेव्हाचा हरलेला 'रोज बोल' त्यांनी पाहिला होता. थंडीने बोटं बधिर झाली तरी कुणी हलेना.

आता मेंडोझा एनएफएलला जाईल, आणखीही बरेच जातील. पुढच्या मोसमात काय होईल ते बघू. तिकिटांचे भाव कडाडणार हे नक्की, पण आमच्या जागा जुन्या, त्यांचं नूतनीकरण आधी आमचं. आजींची शेजारची खुर्ची त्या गेल्यापासून दर वर्षी कुणी ना कुणी नवीन घेतं. या वेळी ती मिळते का ते तिकीट ऑफिसात विचारलंय, फेब्रुवारीत कळवतो म्हणाले. पर्ड्यूची मॅच असेल त्या आठवड्यात तुला सुट्टी मिळणार असेल तर आत्ताच सांग, म्हणजे ती तुझ्या नावावर घेतो. आईने तुझ्यासाठी मेथीचे लाडू केलेत, उद्या पार्सल करते आहे.

तुझा,
बाबा