जेलवरच्या पांढऱ्या पट्ट्यांबद्दल, काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जिलॅटिन झायमोग्राफीच्या (जिलॅटिन मिसळलेलं जेल निळं रंगवलं की एन्झाइमने जिथे जिलॅटिन खाल्लं तिथे पांढरी पट्टी दिसते, ती चाचणी) छापील पद्धतीत जे सहसा कुणी लिहीत नाही, ते तुम्ही आम्हाला दिलंत. आभार जाहीर मानतोय, कारण परळ ते खारघर, कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत आत्ताही कुणीतरी कोऱ्या निळ्या जेलकडे बघत बसलं असेल.

वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिनं ओळखायची दुसरी जेल-पद्धत, तिथे नमुना उकळतात) सवय लागलेला हात नमुना उकळायला जातोच. तो हात तुम्ही धरलात. उकळलं किंवा मर्कॅप्टोइथेनॉल (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) घातलं की एन्झाइमची घडी पुन्हा नीट बसत नाही, पुढचं सगळं वाया. पेशींचं माध्यम सीरम-विरहित हवं, वासराच्या सीरममध्येच जिलॅटिनेझ, म्हणजे जिलॅटिन खाणारी एन्झाइमं, असतात. रुग्णाच्या रक्ताचाही प्लाझ्माच घ्यायचा. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी एमएमपी-९ (एमएमपी म्हणजे पेशींभोवतालची प्रथिनं कापणारी एन्झाइमं) सोडतात आणि ते कॅन्सरच्या गाठीच्या खात्यावर जमा होतं.

जेलमध्ये जिलॅटिन मिलिलीटरला १ मिलिग्रॅम. जेल सेट करणारं अमोनियम परसल्फेट पावसाळ्यात रोज ताजं. मुंबईची हवा बाटलीत शिरली की पावडर ओल धरते आणि जेल धड सेट होत नाही. जेल चालवून झालं की २.५ टक्के ट्रायटनमध्ये (सौम्य डिटर्जंट) अर्धा-अर्धा तास असं दोनदा धुवायचं. इथे घाई केली तर एसडीएस (जेलमधलं, प्रथिनं उलगडणारं डिटर्जंट) मागे राहतं, पट्टी उमटत नाही. मग ३७ अंशांवर १६ ते १८ तास, ट्रिस बफर आणि ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. फॉस्फेट बफर नको, कॅल्शियमचा साका खाली बसतो. जेलचा एक काप ईडीटीए (एमएमपींना लागणारे धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये ठेवायचा. तिथेही पट्टी दिसली तर ते एमएमपी नव्हेच.

मोठं ऋण मात्र वाचनाचं. ९२ आणि ७२ किलोडाल्टनच्या पट्ट्या म्हणजे एमएमपी-९ आणि एमएमपी-२ची सुप्त रूपं. एसडीएसमुळे ती उलगडतात आणि ते धुऊन काढलं की जेलमध्ये जिलॅटिन खातात. शरीरात ती गप्प असू शकतात. त्यांना आवरणारी टिम्प नावाची प्रथिनंही जेलमध्ये सुटून जातात. म्हणजे पट्टी ही हजेरी, केलेल्या कामाचा पुरावा नव्हे. तोंडाच्या कॅन्सरच्या नमुन्यात ती ठळक दिसली की बेसमेंट मेम्ब्रेनमधलं (पेशींच्या थराखालचा पातळ पडदा) कोलॅजेन कॅन्सरपेशींनीच कापलं, असं लिहायचा मोह होतो. पण त्यातलं बरंचसं एन्झाइम गाठीतल्या फायब्रोब्लास्टनी (आधार-ऊतीच्या पेशी) आणि रोगप्रतिकारक पेशींनी सोडलेलं असतं. मारिमास्टॅटसारखी एमएमपींना सरसकट रोखणारी औषधं कॅन्सरच्या चाचण्यांत नापास झाली, रुग्णांचे सांधे दुखले ते वेगळंच. उंदरांत तर एमएमपी-८ गाठीला अडवतं!

आता प्रत्येक जेलच्या फोटोवर ८२ आणि ६२ची, म्हणजे सक्रिय रूपांची, जागा आधी पेन्सिलने आखतो. तुम्ही सांगितलं होतंत तसं.

आपली,
जेल-टेबलावरची मंडळी, मुंबई