बाबांनी शेव बाजूला काढली

पुणे, १८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा इंदूरहून परतले, पण जीव अजून सुदामानगरच्या आपल्या ओट्यावरच घुटमळतोय. फोनवर हे बोलणं जमत नाही. बाबा, तुम्ही "आम्ही मजेत" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून लिहिते आहे. दोघांनी जवळ बसून वाचा.

रविवारी सकाळी मी कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणली. बाबा, तुम्ही आधी चमच्यानं सगळी शेव कडेला सारली, मग पोह्यांवरचा तिखट मसाला, जीरावन, झटकलं. ज्यांना शेवेशिवाय वरणभातही जात नाही, ते तुम्ही! विचारलं तर म्हणालात, "झोंबतं गं हल्ली." रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेला, मसाला लावलेला गराडू कंद नको म्हणालात, तेव्हा थंडीचं कारण पुढे केलंत. आणि जलेबी नखाएवढे तुकडे करून खात होतात. मला वाटलं, दात दुखत असेल. परतीच्या गाडीत सुपारी कातरणारा तुमचा हात आठवला आणि रात्रभर झोप लागली नाही.

तिखट झोंबायला लागणं, गालाची आतली कातडी पांढुरकी आणि कडक होणं, तोंड हळूहळू कमी उघडणं, हे सगळं सुपारीनं होतं. हा कॅन्सर नव्हे, पण पुढे कॅन्सर होण्याचा धोका यानं बराच वाढतो. तुम्ही नेहमी सांगता, "मी तंबाखूला कधी हात लावला नाही." खरं आहे, मला त्याचा अभिमानही आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाही माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. आज आरशासमोर उभे राहा, तोंड होईल तेवढं उघडा आणि मधली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. मग आईला टॉर्च धरायला सांगा. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली बघायचं. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, न भरलेला छाला. छाला दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर मध-हळद पुरे करायची आणि डॉक्टर गाठायचा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, घास अडकायला लागला, मानेत गाठ लागली, तरी तेच. आजोबांचा अडकित्ता मला द्या, मी तो जपून ठेवीन. सुपारीचा डबा मात्र रिकामा करा, आजच.

आई, आता तुझ्याबद्दल. बाबांसमोर लिहिते म्हणून रागावू नकोस, लपवण्यातूनच सगळं बिघडतं. निघताना दाराशी तू हळूच म्हणालीस, दोनदा डाग दिसला, उष्णता असेल. पाळी जाऊन तुला पंधरा वर्षं झाली. त्यानंतर एक थेंब दिसला तरी तो उष्णतेच्या नावावर टाकायचा नसतो. दहापैकी नऊ जणींत कारण साधंच निघतं, हे आधी सांगते, म्हणजे तू घाबरणार नाहीस. पण दहावी, जिला कॅन्सर निघतो, ती वेळेवर डॉक्टरकडे गेली तर बहुतेक वेळा ऑपरेशनवर निभावतं. सोनोग्राफी करतील, लागलं तर आतला छोटा तुकडा तपासायला घेतील. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" असं शेजारच्या काकू म्हणतील. त्यांना म्हणू दे. तुकडा तपासल्याशिवाय काय आहे ते कळतच नाही, आणि वाट बघण्यात जो वेळ जातो त्यात तो खरंच पसरतो.

आत्याचं आठवतं ना? आंघोळ करताना मटाराएवढी गाठ हाताला लागली आणि तिनं आठ महिने कुणाला सांगितलं नाही. का, तर "दुखत नव्हती." स्तनातली अशी गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच! आपण दुखण्याला भितो आणि न दुखणाऱ्याला घरात ठेवून घेतो. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ती माझा हात धरून म्हणाली होती, "आधी बोलायला हवं होतं गं." ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. म्हणून आई, महिन्यातून एकदा तूही हात फिरवून बघ. गाठ, कातडीला खळी, आत ओढलेलं बोंड, रक्ताचा स्राव, काहीही दिसलं तर त्याच दिवशी मला फोन.

आणि दोघांनाही: शौचाला किंवा लघवीला रक्त दिसलं, पोटाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, काही न करता वजन उतरत गेलं, तर मूळव्याध, ऊन, वय असं घरच्या घरी ठरवून टाकू नका. कालनिर्णयावर त्या तारखेला पेन्सिलनं खूण करा. आपल्याला वाटतं कालपरवाचं आहे आणि खूण बघावी तर महिना उलटलेला असतो.

पैशांचं मनात आणू नका. बाबा, तुम्ही ७२ वर्षांचे आहात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार कार्ड वर काढून ठेवा, कार्ड मी आल्यावर काढू. आईचं मी बघते.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. शनिवारी अकराला आईची वेळ घेतली आहे, बाईच डॉक्टर आहेत. दुपारी बाबांचं तोंड दाखवायला जाऊ. सकाळी पोहे मीच आणीन. बाबांचे जीरावन न घालता सांगेन.

तुमची,
मनू