जे चिऊचं आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझ्या घटस्फोटाचं हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई रडायला लागते, बाबा गप्प होतात आणि चिऊ इथेच घरात असते. पुस्तकात डोकं घालून बसलेली दिसली तरी तिचे कान माझ्याकडेच असतात. म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून वाचा, आणि वाचताना मध्येच थांबून एकमेकांना काही सांगू नका. आधी सगळं वाचा.

गेल्या रविवारी बाबा म्हणालात, "वकील करायचाच तर नावाजलेला करू. मी ठेव मोडतो." आणि आई, तू मागून म्हणालीस, "त्याचा एक पैसा नको आपल्याला. सही कर आणि मोकळी हो. आणि पोरीला त्याच्या नजरेसही पडू देऊ नकोस." दोघंही माझ्या काळजीपोटीच बोललात. पण या तिन्ही गोष्टींना माझा नकार आहे, आणि तो का, ते तुम्हाला नीट कळायला हवं.

आधी ठेवीचं. बाबा, ती मोडायची नाही. मला वकील मिळाल्या आहेत, आणि त्यांची फी सरकार देतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळतो. बाईच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. मी नोकरी करते म्हणून मला नाकारता येत नाही. कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही. मी १५१०० या क्रमांकावर फोन केला, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयाचा पत्ता घेतला, ओळखपत्राची प्रत जोडून साधा अर्ज दिला.

तुम्ही म्हणाल, फुकटचा वकील लक्ष देईल का? मलाही तीच भीती होती. पण त्याआधी मी पैसे देऊन एका वकिलांचा सल्ला घेतला होता, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांनी माझं पाच मिनिटंही ऐकून घेतलं नाही आणि म्हणाले, "छळाची तक्रार ठोकून देऊ, म्हणजे तो आपोआप वाकेल." बाबा, त्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही. त्याने मला एकटं टाकलं, घरात असून बोलणं बंद केलं, मग दुसऱ्या गावी बदली घेऊन गेला आणि पैसे पाठवणं थांबवलं. हे सगळं खरं आहे आणि ते मी कुठेही शपथेवर सांगेन. पण जे घडलं नाही त्यावर मी सही करणार नाही. ज्या बायका खरंच छळ सोसतात त्यांच्यासाठी तो कायदा आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदाही आहे, त्यात राहत्या घरातून बाहेर काढता येऊ नये म्हणून आदेश मिळतो. त्या बायकांचं खरं दुखणं माझ्या खोट्या तक्रारीने हलकं लेखलं जाईल, हे मला नको आहे.

आत्ताच्या वकील मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत. पहिल्या भेटीत त्यांनी दीड तास दिला. त्याच्या वकिलाने पाठवलेला मसुदा मी त्यांच्यासमोर ठेवला. तुम्ही ज्याला 'साधी सही' म्हणताय, तो हाच कागद. त्यांनी पेन्सिलीने तिसऱ्या पानावरच्या दोन ओळींखाली रेघ मारली आणि पान माझ्याकडे फिरवलं. पहिली ओळ अशी: अर्जदार क्रमांक दोन स्वतःसाठी व अज्ञान मुलीसाठी आता वा भविष्यात कोणतीही पोटगी मागणार नाही. दुसरी: मुलीचा कायमचा ताबा आईकडे राहील व वडील भेटीचा हक्क सांगणार नाहीत. (आई, 'अर्जदार क्रमांक दोन' म्हणजे मी, आणि 'अज्ञान' हा कोर्टाचा शब्द आहे, अठरा वर्षांखालचं मूल एवढाच त्याचा अर्थ. तो वाचून मीही दुखावले होते.)

त्या दोन ओळी मी आधी चार वेळा तरी वाचल्या होत्या. प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, ठीक आहे, पोरगी मला मिळतेय ना. मॅडमनी फक्त विचारलं, "यात तुमचं काय आहे आणि मुलीचं काय आहे?" मला उत्तर देता येईना. तो पैसे वाचवत होता आणि मी त्रास वाचवत होते. दोघं मिळून जे सोडून देत होतो ते सगळं चिऊचं होतं. तिच्या शिक्षणाचा, औषधपाण्याचा बापाकडून मिळायचा वाटा तिचा आहे. आणि बापही तिचाच आहे.

माझी स्वतःची पोटगी मी सोडू शकते. चिऊची सोडून द्यायचा मला अधिकार नाही. मुलाला पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर असते आणि आईने कागदावर सही केली म्हणून मुलीचा हक्क बुडत नाही. ते कलम तसंच ठेवून मी सही केली असती तर आज सुटले असते आणि चार वर्षांनी पुन्हा कोर्टाची पायरी चढले असते. आणि तोपर्यंत चिऊला सगळं कळायला लागलेलं असतं.

आता माझ्या स्वतःच्या पोटगीबद्दल. आई, तुला वाटतं पोटगी मागणं म्हणजे हात पसरणं. चिऊ झाली तेव्हा मी चार वर्षं नोकरी सोडली. ते दोघांनी मिळून ठरवलं होतं, कारण त्याला फिरतीचं काम होतं. माझ्याबरोबर लागलेल्या मुली त्या चार वर्षांत कुठे पोचल्या आणि मी परत लागले ती कुठल्या पगारावर, हे तुला माहीत आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमात खटला चालू असतानाची पोटगी आहे आणि २५ व्यात कायमची. नवरासुद्धा ती मागू शकतो, कायद्यात नुसतं 'पत्नी' नाही, 'पती किंवा पत्नी' असं आहे. ज्याचं संसारापायी नुकसान झालं त्याने ते सांगायचं, एवढंच. मी फार मागत नाहीये. पण 'काहीच नको' असं म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल.

यासाठी एक प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च शपथेवर उघड करायचा. त्याच निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही म्हटलं आहे, म्हणजे समोरच्याने तारखा लांबवल्या तरी त्याचा फायदा त्याला मिळत नाही. ओळखीतल्या एकीने मला सल्ला दिला की पगार लपव, नाहीतर सरळ नोकरी सोड. मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. शपथेवर खोटं बोललेलं उघडं पडलं की खरं बोललेलंही कुणी मानत नाही.

चिऊ झोपल्यावर मी ते कागद घेऊन बसले. मुलीचा मासिक खर्च, असा रकाना होता. शाळेची फी, रिक्षा, चष्मा, बूट, दाताचे डॉक्टर, पावसाळ्यातला खोकला. लिहिता लिहिता जागा संपली म्हणून मागे लिहिलं. सात वर्षांत हे कुणी एका जागी लिहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. गेलं दीड वर्ष तो सगळा खर्च मी एकटी करत होते आणि तुम्ही दोघं मला न सांगता त्यात भर घालत होतात. चिऊचा चष्मा तुम्ही केलात बाबा, तो तुमच्या पेन्शनमधून. त्या रकान्यात मी तुमचं नाव लिहिलं आहे. हे प्रेमाने केलेलं होतं हे मला माहीत आहे, पण ते करणं बापाचं काम होतं.

मग उरतो ताबा. आई, तू म्हणतेस मूल आईकडेच राहतं, त्यात विचारायचं काय. तसं नाही गं. १९५६ च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं आहे, आणि चिऊ सात वर्षांची आहे. त्यापुढे न्यायाधीश एकच पाहतात, मुलाचं हित कशात आहे. शाळा कुठली, तिला कोण वेळ देतं, तिची सवय कुणाची आहे. मुलाला समज असेल तर स्वतःच्या दालनात बसवून त्याच्याशी बोलतातही. आणि दिलेला आदेश दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. यात आईने बापाला भेटू दिलं नाही, हे आईच्या बाजूने जात नाही. पण मी हे त्या हिशेबाने लिहीत नाहीये. जे झालं ते सांगते.

प्राधिकरणात दावा दाखल करण्याआधी समेटासाठी बोलावतात. आमच्या दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीला मध्यस्थांनी चिऊला आणायला सांगितलं होतं. तो आधीच येऊन बसला होता. चिऊ दारात थांबली. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला, मी पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं आणि ती थबकली. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत होती, आई. सात वर्षांची पोर स्वतःच्या बापाकडे जायला माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली तेव्हा ती गेली, तीही हळू, मागे बघत बघत. घरी आल्यावर मला विचारलं, "मी बाबाला भेटले हे आजीला सांगायचं नाही ना?"

हे वाचून तुला वाईट वाटेल. मला तुला दुखवायचं नाही. तू तिच्यासमोर जे बोललीस, 'त्याला आपली पर्वा असती तर गेला असता का', ते तू माझ्या कळवळ्याने बोललीस. मीही बोलले आहे तिच्यासमोर, तुझ्याहून वाईट बोलले आहे. आता बंद करू या, दोघींनी. तुझा माझ्या बाजूने जो राग आहे तो मला हवा आहे, तो माझ्याजवळ काढ, रात्री चिऊ झोपल्यावर पाहिजे तेवढा वेळ काढ. तिच्यासमोर नको.

त्या बैठकीत त्याने एकच गोष्ट विचारली, "दर शनिवारी नेऊ शकतो का?" म्हणजे ती मसुद्यातली दुसरी ओळ त्याच्या मनातली नव्हतीच, पहिली वाचवण्यासाठी घातलेली होती. मध्यस्थांनी त्यावरून बोलणं पुढे नेलं. आता चिऊच्या महिन्याच्या रकमेवर तो तयार आहे, शाळेची फी वेगळी. मसुद्यात रक्कम दर वर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढेल असं घालायचं आहे, कारण पोर वाढते तसा खर्च वाढतो. माझ्या रकमेवर अजून एकमत नाही. येत्या बुधवारी तिसरी बैठक आहे. दागिन्यांची यादी मी दिली आहे. आई, तुझी पाटली त्यात पहिली लिहिली आहे. लग्नात मला मिळालेलं ते स्त्रीधन, ते माझं आहे आणि ते परत मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

सगळं जुळलं तर परस्पर संमतीचा अर्ज कौटुंबिक न्यायालयात जाईल. त्यासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते झालंच आहे. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ च्या एका निकालानंतर न्यायालय तो काळ माफ करू शकतं, पण त्यासाठी पोटगी, ताबा सगळे वाद खरोखर मिटलेले लागतात. मला घाई नाही. त्या सहा महिन्यांत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतो, हेही तुम्हाला सांगून ठेवते, म्हणजे नंतर धक्का बसायला नको. तसं झालं तर मी एकटी दावा लावेन. तो लावायला मला त्याच्या गावी जावं लागणार नाही, २००३ पासून बायको राहते तिथल्या न्यायालयातही तो दाखल होतो. प्रतिज्ञापत्र तयार आहे, मॅडम आहेत.

तुमच्याकडून मला काय हवं ते लिहिते. बाबा, ठेवीची पावती परत कपाटात ठेवा. माझ्या लग्नाच्या खर्चाच्या वह्या तुम्ही जपून ठेवल्या होत्यात, त्यात दागिन्यांच्या पावत्या असतील, त्या शोधून आणा. आई, तू चार दिवस आधीच ये. बैठकीच्या दिवशी चिऊ शाळेतून येईल तेव्हा घरात कुणीतरी हवं.

आणि शनिवार. तो दहा वाजता तिला घ्यायला येणार आहे, सहाला आणून सोडेल. तुम्ही तोवर इथेच असाल. मी दार उघडलं तर चिऊ पुन्हा माझ्या तोंडाकडे बघेल, म्हणून बाबा, दार तुम्ही उघडा. त्याच्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. चिऊला मात्र बूट घालून द्या, आणि जा म्हणा.

तुमची,
मनू