बोवी, सुकिता आणि हाराजुकुमधला एक तास

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

परदेशी कलेच्या प्रेमात पडलेला गायक तिच्यातून पोशाखापलीकडे काही घेतो का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. त्यावर विचार करताना मला सारखा इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवी आठवत राहिला.

त्याची सुरुवात पोशाखापासूनच झाली, हे खरे. १९७३ मध्ये तो जपानी वेशभूषाकार कानसाई यामामोतो यांनी बेतलेले कपडे घालून गात असे; मदतनिसांनी वरचे वस्त्र झटक्यात ओढून काढले, की आतून निराळाच वेश प्रकट होई. काबुकी या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारात या युक्तीला हिकिनुकी म्हणतात. त्याच वर्षी जपानच्या दौऱ्यात त्याने काबुकीची रंगभूषा बांदो तामासाबुरो यांच्याकडून समजून घेतली. ते स्त्रीभूमिका करणारे नट. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात आयुष्य गेलेल्या मला इथे बालगंधर्व आठवल्यावाचून कसे राहतील?

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती जपानी छायाचित्रकार मासायोशी सुकिता यांच्याशी जडलेली त्याची मैत्री. सुकिता १९७२ मध्ये लंडनला गेले ते रॉक गायक मार्क बोलनची छायाचित्रे काढायला, आणि तिथे बोवीचे पोस्टर पाहून त्याच्याकडे ओढले गेले. दोघांना जोडणारी भाषा फारशी नव्हती, तरी ही संगत चाळीस वर्षांहून अधिक टिकली. एप्रिल १९७७ मध्ये तोक्योच्या हाराजुकु भागातल्या स्टुडिओत जेमतेम तासाभरात टिपलेल्या छायाचित्रांपैकी एक बोवीच्या ‘हीरोज’ या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ झाले: कृष्णधवल, अंगात लेदरचे जाकीट, एक तळवा ताठ उभारलेला. त्या मुद्रेमागे जर्मन चित्रकार एरिख हेकेल यांच्या चित्राची प्रेरणा सांगतात. म्हणजे त्या छायाचित्रात जपानी म्हणावे असे काहीच दिसत नाही. जपानी आहे ती फक्त पाहणाऱ्याची नजर, आणि त्या नजरेवर बोवीने पूर्ण विश्वास टाकला आहे.

त्याच ध्वनिमुद्रिकेतल्या ‘मॉस गार्डन’मध्ये तो स्वतः कोतो हे जपानी तंतुवाद्य वाजवतो. हात निष्णात वादकाचा नाही, पण छेडलेला स्वर विरेपर्यंत थांबण्याची तयारी त्यात आहे, आणि साथ करणाऱ्याला ती किती उशिरा येते हे मला ठाऊक आहे.

सुकितांनी १९८० मध्ये क्योतोत काढलेली त्याची छायाचित्रेही अवश्य पाहा. तिथे तो साध्या कपड्यांत लोकल गाडीपाशी आणि टेलिफोन बूथमध्ये उभा आहे.

तुझा,
विनायक