एका पेनीची भाडेवाढ

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, की जोहान्सबर्गची कामगार माणसं पहाटे उठून एवढ्या लांबून का येतात, शहरातच का राहत नाहीत. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

त्यांनी शहरात राहू नये असा कायदाच होता. 1913 च्या जमीन कायद्याने काळ्या माणसांना दक्षिण आफ्रिकेतल्या जेमतेम सात टक्के जमिनीबाहेर जमीन घेता येईना. 1948 नंतर गोऱ्यांच्या नॅशनल पार्टीच्या सरकारने प्रत्येकाचा वंश नोंदवून कोणी कुठे राहायचं तेही ठरवलं. खाणी, कारखाने आणि गोऱ्यांची स्वयंपाकघरं मात्र याच हातांवर चालायची. वस्ती लांब, पगार तुटपुंजा, आणि प्रवासाचं भाडं ज्याचं त्याने भरायचं.

माझ्या ऑफिसजवळ अलेक्झांड्रा ही वस्ती आहे. ती 1912 ची, जमीन कायद्याच्या आधीची, म्हणून तिथे काळ्यांच्या नावावर प्लॉट होते. बाबा, तुमची हयात एसटीत कंडक्टरकीत गेली, तुम्हाला हे लगेच कळेल. जानेवारी 1957 मध्ये पुटको या बस कंपनीने शहरापर्यंतचं तिकीट चार पेनीवरून पाच पेनी केलं. एकच पेनी, पण पगारात तेवढीही फट नव्हती. काळ्या कामगारांनी संप केला तर गुन्हा. बसमध्ये न चढणं मात्र गुन्हा नव्हता. ‘अझिक्वेल्वा’, चढायचं नाही, अशी हाक उठली आणि हजारो माणसं रोज जाऊन-येऊन जवळजवळ तीस किलोमीटर चालू लागली. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायका होत्या, म्हातारी माणसं होती. प्रिटोरियाच्या लेडी सेलबोर्नमध्येही लोकांनी बस सोडल्या. हे राजकारण आहे, असं म्हणून वाहतूकमंत्री बेन स्कूमन अडून बसले. पोलीस रस्त्यात पास, म्हणजे काळ्यांनी शहरात जवळ बाळगायचे सरकारी परवाने, तपासायचे, लिफ्ट देणाऱ्यांच्या गाड्या अडवायचे.

हे सुमारे तीन महिने चाललं. दमलेली माणसं कामावर येऊ लागली तेव्हा मालकांनाही झळ लागली. अखेर व्यापाऱ्यांच्या चेंबरने फरकाचे पैसे उचलले आणि पाच पेनीचं तिकीट चार पेनीला मिळू लागलं. पुढे सरकारला कायदा करून कामगारांच्या बसभाड्यासाठी मालकांवरची वर्गणी वाढवावी लागली. मला यातलं हेच फार मोठं वाटतं. ज्यांना मतही नव्हतं, त्यांनी सरकारला कायदा करायला लावला, आणि ज्यांना कामगार हवेत त्यांनीच भाड्याचा भार उचलावा, हे मान्य करून घेतलं.

आई, आदल्याच वर्षी, 9 ऑगस्टला, वीस हजार बायका पासविरुद्ध प्रिटोरियात सरकारच्या दारात गेल्या होत्या. भाडं खाली आलं, पास राहिले. 21 मार्च 1960 ला शार्पव्हिलमध्ये पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 69 माणसं गेली.

पासचा कायदा 1986 मध्ये गेला, 1994 मध्ये मतही मिळालं. पण कायद्याने जिथे नेऊन टाकलं, तिथेच अजून लाखोंची घरं आहेत, आणि मिनिबसचं भाडं आजही पगाराचा मोठा घास घेतं. म्हणून पहाटे उठावं लागतं, बाबा.

तुमची,
मंजू